तार कोणाची, बोलणं कोणाचं

उत्साही : कोकणातल्या खाडीकाठच्या गावांत दर चार-पाच घरांआड एक माणूस आखातात असतो. त्यातले जे संयुक्त अरब अमिरातीत आहेत, त्यांच्या घरच्यांना एक गोष्ट तोंडपाठ झाली आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, फोटो जातो, नातवाच्या नाचाचा व्हिडिओ जातो. कॉल जात नाही. रिंग वाजते, पलीकडचा उचलतो आणि आवाजच पोचत नाही. मग लोक व्हॉइस नोट पाठवतात. बायको चुलीपाशी उभी राहून मिनिटभर बोलते. तो शिफ्ट संपल्यावर लेबर कॅम्पातल्या खाटेवर बसून ते ऐकतो आणि आपलं उत्तर पाठवतो. भांडण झालं तर एकेका आरोपाला उत्तर यायला सहा-सात तास लागतात. आईची तब्येत आवाजावरून ओळखायची, तर ती बोलत असतानाच मध्ये थांबवून विचारावं लागतं, ‘तुला धाप का लागतेय?’ व्हॉइस नोटमध्ये असं मध्येच विचारता येत नाही. यात कुठलाही बिघाड नाही. सरकारने जाणूनबुजून घातलेली ही आडकाठी आहे आणि तिचं समर्थन कसं करायचं, हे मला अजून कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.

साशंक : त्या घरांचं दुःख मी नाकारत नाही. पण चर्चा तिथून सुरू झाली की सरकार म्हणजे दुष्ट आणि ॲप म्हणजे देवदूत, असं चित्र आपोआप तयार होतं. मला ती हिशेबाच्या वहीपासून सुरू करावीशी वाटते. १९९० च्या दशकात परदेशातून भारतात फोन आला की पलीकडची कंपनी प्रत्येक मिनिटामागे विदेश संचार निगम या आपल्या सरकारी कंपनीला डॉलरमध्ये पैसे द्यायची. इथून बाहेर होणाऱ्या बोलण्यापेक्षा बाहेरून आत येणारं बोलणं कितीतरी जास्त होतं, कारण महागडा फोन परवडणारा भाऊ अमेरिकेत होता आणि न परवडणारा साताऱ्यात. त्या डॉलरना तेव्हा किंमत होती. देशातही खेड्यातल्या फोनचं मासिक भाडं कमी ठेवता आलं, ते एसटीडी-आयएसडीचे दर चढे होते म्हणून. पुढे खाजगी कंपन्या आल्यावर ही आतली मदत उघड करावी लागली. २००३ पासून २००८ पर्यंत ग्रामीण तोटा भरून काढण्यासाठी फोन कॉलवर, विशेषतः परदेशी कॉलवर, वेगळा आकार घेतला जात होता. एसटी आणि वडापचं उदाहरण घ्या. एसटीला डोंगरातल्या शेवटच्या वाडीपर्यंत गाडी न्यावीच लागते. वडापवाला स्टँडबाहेर उभा राहून फक्त भरलेल्या मार्गावरचे प्रवासी उचलतो आणि तिकीट कमी लावतो. प्रवासी खूश होतो, त्यात त्याची चूकही नाही. पण वाडीची गाडी बंद पडते तेव्हा तिचा हिशेब कोणी द्यायचा? १९९८-९९ साली भारतात इंटरनेटवरून फोन करायला बंदी होती आणि विदेश संचार निगम तसल्या वेबसाइट अडवत होता, त्यामागे सूडबुद्धी नव्हती. देशाचं टेलिफोन जाळं कोणाच्या पैशावर उभं राहणार, हा खरा प्रश्न त्यामागे होता.

उत्साही : तो प्रश्न १९९८ मध्ये खरा होता, हे मान्य. पण त्याचं पुढे काय झालं तेही पाहा. १ एप्रिल २००२ पासून सरकारने इंटरनेट टेलिफोनीला परवानगी दिली, तीही अर्धीमुर्धी. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला; भारतातल्या फोनवर मात्र नाही. ही अर्धी भिंत उभी राहिल्यावर फायदा कोणाचा झाला? बेकायदा एक्स्चेंज चालवणाऱ्यांचा. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल ते इथल्या शेकडो सिमकार्डांतून स्थानिक कॉल म्हणून सोडतात. पुण्यात कोंढव्याला २०२४ मध्ये एटीएसने छापा घातला तेव्हा हजारो सिमकार्डं सापडली. दर चढे ठेवले की चोरवाट फायद्याची होते, आणि चोरवाटेवरून ना सरकारला पैसा मिळतो ना वाडीला गाडी.

आणि तुमच्या वहीचं पुढचं पान तर साफ बदललं आहे. आज फोनवर फोरजीचं चिन्ह दिसत असताना तुम्ही साधा कॉल लावता, तेव्हा तोही पाकिटांमध्येच जातो. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि इंटरनेटच्याच पद्धतीने पाठवायचे, हेच काम व्हॉट्सॲप करतं आणि हेच तुमची मोबाइल कंपनी करते. २०१६ मध्ये जिओ आली आणि बोलणं फुकट झालं. पैसे डेटाचे लागू लागले. व्हॉट्सॲपवर बोलणारा माणूस तो डेटा विकत घेऊनच बोलतो. कंपनी त्या डेटाच्या कमाईवर सरकारला परवाना शुल्क भरते, आणि ग्रामीण टेलिफोनीच्या निधीत जाणारा पाच टक्क्यांचा वाटाही त्यातूनच निघतो. आता सांगा, बुडतंय नेमकं कोणाचं?

साशंक : भारतात कमाईचं कारण कमकुवत झालं आहे, हे मी मान्य करतो. २०१४ च्या डिसेंबरात एका मोठ्या कंपनीने इंटरनेट कॉलसाठी वेगळा डेटा पॅक लावायचं जाहीर केलं आणि लोकांच्या ओरड्यानंतर काही दिवसांतच माघार घेतली, तेव्हाच ते दिसलं होतं. पण अमिरातीचं गणित वेगळं आहे. तिथे दोनच कंपन्या आहेत, दोन्हींत सरकारी पैसा मोठा आहे. एतिसलातमध्ये तर सरकारी गुंतवणूक संस्थेचा वाटा साठ टक्के आहे. वर त्यांच्या नफ्यातून सरकार रॉयल्टी घेतं. ज्या देशाने कित्येक वर्षं लोकांवर आयकर लावला नाही, तिथे फोनचं बिल हे कर गोळा करायचं एक साधन आहे. तुम्हाला ते आवडणार नाही, पण ‘कर कशावर लावायचा’ हा निर्णय त्या देशाचा आहे.

उत्साही : कर लावायचा अधिकार मीही नाकारत नाही. तो कोणाच्या खिशातून जातो ते बघा, एवढंच म्हणतो. २०१८ च्या सुरुवातीला तिथे स्काइप बंद पडलं आणि त्याच सुमाराला बोटिमसारख्या मोजक्या ॲपना परवानगी मिळाली. त्यासाठी कंपनीचा वेगळा प्लॅन घ्यायचा. मोबाइलवर तेव्हा महिना ५० दिरहम. बँकेत बसणाऱ्याला ते कॉफीचे पैसे. बांधकामावर हजार-बाराशे दिरहमवर राबणाऱ्या माणसाला ती एका दिवसाहून जास्त मजुरी. म्हणजे हा कर पगारावर नाही, घरापासूनच्या अंतरावर आहे. ज्याचं कुटुंब शेजारच्या खोलीत आहे त्याला तो लागत नाही. ज्याला कुटुंब सोबत आणायचा व्हिसाच मिळत नाही, त्याला तो दर महिन्याला लागतो.

शेजारच्या सौदी अरेबियानेही अशीच बंदी घातली होती. २०१३ मध्ये त्यांनी व्हायबर अडवलं. २०१७ च्या सप्टेंबरात बंदी उठवली, आणि उठवताना कारण दिलं की उद्योगांचा खर्च कमी होईल, नव्या धंद्यांना वाव मिळेल. त्यांची टेलिफोन कंपनी काही बुडाली नाही. मोरोक्कोत २०१६ च्या जानेवारीत तिन्ही कंपन्यांनी कॉल बंद केले आणि नोव्हेंबरात, माराकेशला हवामान परिषदेसाठी जगभरचे पाहुणे यायच्या वेळी, ते पुन्हा सुरू झाले. दहा महिने देशातल्या लोकांनी ओरड केली तेव्हा जे जमत नव्हतं, ते पाहुणे दारात आल्यावर जमलं. पैशाचं कारण खरंच इतकं पक्कं असतं तर ते असं हवेनुसार बदललं नसतं.

साशंक : तर मग पैसा बाजूला ठेवू आणि मला ज्याची जास्त काळजी वाटते त्याकडे येऊ. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ ला ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधल्या अतिरेक्यांना कराचीतून सूचना मिळत होत्या त्या इंटरनेट टेलिफोनीवरून. न्यू जर्सीतल्या एका कंपनीत खातं उघडलं होतं, पैशांचा एक हप्ता इटलीतून भरला होता. इथल्या फोनवर कॉल अमेरिकेतून आल्यासारखा दिसत होता. हे संभाषण पुढे खटल्यात पुरावा म्हणून आलं, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालातही ते आहे. ज्याने ते वाचलं असेल, त्याला ‘बोलणं मुक्त असावं’ हे वाक्य सहज उच्चारता येणार नाही.

उत्साही : मी ते वाचलं आहे आणि त्यावर हळू आवाजातच बोललं पाहिजे. पण त्याच पुराव्यातून दुसरी गोष्टही दिसते. ते बोलणं आपल्या पोलिसांनी त्याच रात्री ऐकलं. इंटरनेट टेलिफोनी असूनही ऐकलं, कारण इथलं टोक मोबाइलचं होतं आणि तो नंबर सापडला होता. नंतर खातं कोणी उघडलं, पैसे कुठून आले, हे कागदपत्रांवरून, कंपनीच्या नोंदींवरून आणि दुसऱ्या देशांच्या पोलिसांच्या मदतीने उलगडलं. आणि भारतातल्या इंटरनेट कंपन्यांना त्या वेळी इथल्या फोनवर कॉल जोडायची मोकळीक नव्हतीच. निर्बंध होते आणि तरी ते घडलं.

साशंक : हे खरं आहे, आणि तेच माझ्या बाजूनेही बोलतं. तेव्हा ऐकता आलं कारण एक टोक मोबाइलचं होतं. आज दोन्ही टोकं ॲपवर आहेत. व्हॉट्सॲपने २०१६ च्या एप्रिलमध्ये सगळं संभाषण टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद केलं. आता टेलिफोन कंपनीला दिसतं ते एवढंच, की दोन्ही बाजूंनी सेकंदाला पन्नासेक लहान पाकिटं जात आहेत; जवळजवळ सारख्या आकाराची, सारख्या लयीने. त्यावरून हा कॉल आहे हे कळतं, आत काय आहे ते कळत नाही. अमिरातीत तुमची व्हॉइस नोट जाते आणि कॉल अडतो तो याचमुळे. नोट एक फाइल म्हणून जाते, कॉलची लय ओळखता येते. आता एखाद्या सरकारने म्हटलं की जे ऐकण्याची कायदेशीर सोयच नाही ते मी चालू देणार नाही, तर त्याला निव्वळ हुकूमशाही म्हणून कसं उडवून लावायचं? टेलिफोन कंपन्यांना परवाना देताना बहुतेक देश ही अट घालतात. भारतातही १८८५ च्या तार कायद्यापासून तशी तरतूद आहे.

उत्साही : मग अमिरातीत काय झालं तेच पाहू. तिथे व्हॉट्सॲपचा कॉल चालत नव्हता, स्काइपचा चालत नव्हता, पण २०१९ मध्ये टूटॉक नावाचं एक ॲप आलं आणि त्यावर फुकट बोलता येऊ लागलं. लोक तुटून पडले. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला दुसरं काय हवं असतं? त्या वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की अमेरिकी गुप्तचरांच्या मते हे ॲप अमिराती सरकारच्या हेरगिरीचं साधन आहे. ॲप काढणाऱ्यांनी आरोप नाकारला. गुगल आणि ॲपल दोघांनी ते दुकानातून उतरवलं. आरोप पूर्ण खरा धरू नका हवं तर. रचना तरी दिसते की नाही? जी दारं आतून बंद होतात ती अडवायची, आणि एकच उघडं दार ठेवायचं. ज्या माणसाला आईशी बोलायचं आहे, तो त्याच दारातून जाणार. पाळत ठेवायला त्याची संमती घ्यावी लागली नाही. त्याच्या आठवणीनेच त्याला तिथवर आणलं. २००८ च्या मुंबईची आठवण काढून या गोष्टीचं समर्थन होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

साशंक : टूटॉकचं समर्थन मी करणार नाही. पण ‘सरकार ऐकेल’ ही भीती सोडून दुसरीही एक भीती आहे आणि ती आज आपल्या घराघरांत शिरली आहे. सकाळी दहा वाजता व्हिडिओ कॉल येतो. समोर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याची पाटी, भिंतीवर फोटो. ‘तुमच्या आधार नंबरवर गुन्हा नोंदला आहे, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून उठू नका.’ निवृत्त शिक्षिका, निवृत्त बँक अधिकारी, डॉक्टर; आयुष्यभर नियमाने वागलेली माणसं. कायद्याचा धाक ज्यांना खरोखर वाटतो, तीच यात सापडतात. दोन-दोन दिवस दार लावून कॅमेऱ्यासमोर बसतात, मुलांना कळवत नाहीत, ठेवी मोडतात. पंतप्रधानांना २०२४ च्या ऑक्टोबरात मन की बातमध्ये यावर बोलावं लागलं, इतकं हे पसरलं आहे. हे कॉल येतात ते इंटरनेटवरून. कंबोडियातल्या, म्यानमारमधल्या कुठल्या तरी बंद आवारातून. साध्या फोनवर असता तर निदान परदेशाचा नंबर दिसला असता, कुठल्या तरी कंपनीच्या नोंदीत माग राहिला असता. ज्या साधनाने तुमच्या खाडीकाठच्या आईला मुलगा मिळतो, त्याच साधनाने दुसऱ्या एका आईची पुंजी जाते. दोघींपैकी तुम्ही कोणाची बाजू घेणार?

उत्साही : तुमचा सगळ्यात जड मुद्दा हाच आहे. त्यापासून मी पळणार नाही. फक्त दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे हेच कारण देऊन रशियाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरचे कॉल अडवले. फसवणूक करणारे आणि घातपात करणारे हे कॉल वापरतात, असं सांगितलं. तेव्हा मेसेज चालू ठेवले, कॉल बंद. आणि १ सप्टेंबरपासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनवर मॅक्स हे सरकारमान्य ॲप आधीच भरून देणं सक्तीचं केलं. अमिरातीत दिसली तीच चाल. फरक इतकाच की अमिरातीत कारण म्हणून परवाना पुढे केला होता, रशियात फसवली जाणारी माणसं. दुसरी गोष्ट अशी की फसवणूक थांबवायचे उपाय आहेत, आणि बोलणं न तोडता आहेत. परदेशातून येणारा पण नंबर मात्र +९१ चा दाखवणारा कॉल अडवायची यंत्रणा दूरसंचार विभागाने २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू केली. पहिल्या चोवीस तासांत १ कोटी ३५ लाख कॉल अडवले, असं सरकारनेच सांगितलं. त्यात कोणाचंही प्रामाणिक बोलणं बंद झालं नाही. खोटा नंबर हीच फसवणूक आहे, ती अडवा. ठेव मोडताना बँकेच्या काउंटरवरचा माणूस दोन प्रश्न विचारेल असं करा. भाड्याने दिली जाणारी बँक खाती बंद करा, कारण पैसे कॉलमधून जात नाहीत, खात्यातून जातात.

साशंक : त्या यंत्रणेचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत, पण तिने ॲपवरचा कॉल अडत नाही. फसवणारे साध्या फोनवरून उठले आणि व्हॉट्सॲपवर गेले, याचं ती अडवणूक हेही एक कारण असू शकतं. म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात विभागाने पुढचं पाऊल टाकलं. ज्या सिमवर खातं उघडलं, ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालेल. संगणकावरचं लॉगिन दर सहा तासांनी सुटेल. कंपन्यांना तेव्हा नव्वद दिवसांची मुदत दिली. इथे कॉल अडवलेला नाही, ऐकलेलाही नाही. इतकंच मागितलं आहे, की बोलणाऱ्यामागे एक खरं, पडताळलेलं सिम असू द्या. भारतीय सिमवर एकदा ओटीपी घेऊन मग ते सिम फेकून कंबोडियातून वर्षभर लोकांना नाडणारा माणूस याने अडतो. हे तरी तुम्हाला मान्य व्हावं.

उत्साही : या नियमात आणखी कोण अडतो ते सांगू? तोच, ज्याच्यापासून मी सुरुवात केली. आखातात गेलेला माणूस व्हॉट्सॲप आपल्या भारतीय नंबरवरच ठेवतो, कारण गावात सगळ्यांकडे तोच नंबर आहे. फोनमध्ये मात्र तिथलं सिम असतं, कारण डेटा तिथला स्वस्त. भारतीय सिम पाकिटात किंवा ट्रंकेत. कॉल त्याचा तिथल्या सरकारने आधीच तोडला होता. आता मेसेजही चालू ठेवायचे तर दोन सिमांचा फोन हवा आणि भारतीय सिम रोमिंगवर जिवंत ठेवायला रिचार्ज. ज्याच्याकडे असा फोन आहे त्याला फारसा फरक पडत नाही. ज्याच्याकडे एका सिमचा जुना फोन आहे, तो आपल्याच घराच्या गटातून बाहेर. नियम लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. लिहिताना हा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता.

साशंक : प्रत्येक नियमात कोणीतरी असा सापडेल. म्हणून नियमच नको? रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं केलं तेव्हाही कोणाच्या तरी खिशाला चाट बसली. मी तर म्हणेन की सरकारने अलीकडे जास्त बारीक हत्यारं वापरायला सुरुवात केली आहे, हे चांगलं लक्षण आहे. आधी दंगल उसळली की अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद करायचे. काश्मीरमध्ये २०१९ च्या ऑगस्टपासून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने सुचवलं की सगळं बंद करण्याऐवजी नेमकी ॲपं तेवढी बंद करायचा मार्ग शोधा. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने २०२३ मध्ये त्यावर चर्चापत्र काढलं. बँका चालू राहतात, रुग्णालयं चालू राहतात, मुलांचा अभ्यास चालू राहतो. अफवा पसरवणारं एक ॲप तेवढं थांबतं. यात नुकसान कमी नाही का?

उत्साही : इथेच माझी खरी भीती आहे, आणि ती तुमच्या आधीच्या सगळ्या मुद्द्यांहून मला मोठी वाटते. नुकसान कमी होतं हे खरं, आणि म्हणूनच ती बंदी टिकते. अख्ख्या शहराचं इंटरनेट बंद केलं की व्यापारी बोंब मारतो, बँका बोंब मारतात, परीक्षेचे फॉर्म अडतात, वकील कोर्टात जातात. काही दिवसांत सरकारला ते उघडावं लागतं. कॉल तेवढाच बंद केला की कोणाचंच काम अडत नाही. कचेऱ्यांना तर अमिरातीत करोनाच्या काळात झूम आणि टीम्सची सूट लगेच मिळाली. उरतो तो खाटेवर बसून व्हॉइस नोट ऐकणारा. त्याला संघटना करता येत नाही, त्याचा व्हिसा मालकाच्या हातात. अडवणूक चुकवायला व्हीपीएन लावून बोललाच, तर गुन्हा करण्यासाठी वा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास पाच लाख ते वीस लाख दिरहम दंडाचा कायदा त्याच्या डोक्यावर. त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. म्हणून ही बंदी वर्षानुवर्षं चालली आणि लोकांनी तिला हवामानासारखं मानून घेतलं.

आपल्या कायद्यातही हाच उलटा प्रकार आहे. इंटरनेट पूर्ण बंद करायचं तर लेखी, कारणांसह आदेश हवा, तो जाहीर करायला हवा, पंधरा दिवसांहून जास्त तो चालत नाही. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने आदेश जाहीर करणं बंधनकारक केलं आणि २०२४ च्या नियमांत ते आलं. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली एखादी साइट किंवा ॲप अडवलं, तर त्याची कार्यवाही गोपनीय ठेवावी असं नियमातच लिहिलं आहे. म्हणजे मोठा घाव उघड्यावर आणि मुदतीचा. छोटा घाव झाकलेला आणि बिनमुदतीचा. तुमचं बारीक हत्यार या दुसऱ्या कपाटात ठेवलेलं आहे.

साशंक : हे मी याआधी असं मांडून पाहिलं नव्हतं. ‘कमी त्रास, म्हणून जास्त न्याय्य’ हे मी गृहीत धरत होतो. त्रास सहन करणारा कोण आहे, त्यावर ती बंदी किती दिवस चालेल हे ठरतं, हा तुमचा मुद्दा मला घ्यावा लागेल. म्हणून इथपर्यंत मी येतो : अख्खं इंटरनेट बंद करायला ज्या अटी आहेत, त्याच एखाद्या ॲपचा कॉल अडवायलाही लागू करा. आदेश जाहीर, कारण लेखी, मुदत ठरलेली. पण आता तुम्हीही इतकं कबूल करा, की कॉल मोकळा ठेवायचा म्हणून ज्या शिक्षिकेची पुंजी जाते, तिचं नुकसान आज कोणीच भरत नाही. ॲपची कंपनी म्हणते आम्ही फक्त पाकिटं पोचवतो, टेलिफोन कंपनी म्हणते तो आमचा कॉलच नव्हता, बँक म्हणते पासवर्ड तिनेच दिला. साधा फोन होता तेव्हा जबाबदार असा परवानाधारक तरी होता. तुम्ही परवाना काढून टाकलात, त्याच्या जागी काय ठेवलंत?

उत्साही : अजून काही ठेवलेलं नाही, हे कबूल. ॲपच्या कंपन्यांनी तक्रार आल्यावर तासाभरात खातं गोठवायला हवं, आणि न गोठवल्यास नुकसानीत वाटा उचलायला हवा, असं मला वाटतं. त्यासाठी बोलणं ऐकायची गरज नाही. तक्रारी, खात्याचं वय, किती अनोळखी लोकांना कॉल गेले, एवढं कंपनीला आत्ताही दिसतं. पण मी हेही जाणतो, की ‘कोणाचं खातं संशयास्पद’ हे ठरवायचं काम एका परदेशी कंपनीच्या यंत्राला दिलं तर उद्या भलत्याचंच खातं बंद होईल, आणि खाडीकाठच्या आईला दाद मागायला ना तहसीलदार असेल ना कोर्ट. सरकारविरुद्ध निदान याचिका तरी करता येते.

साशंक : मग मुदतीवर या. आदेश जाहीर झाला, कारण लिहिलं, पंधरा दिवस घातले. सोळाव्या दिवशी तोच आदेश नव्याने निघाला तर? आज आदेशाचा फेरविचार करणाऱ्या समितीत सगळे सचिव असतात.

उत्साही : म्हणूनच फेरविचार त्यांच्याकडे नको. एकदा मुदत वाढवायची असेल तर न्यायाधीशासमोर जा आणि गेल्या पंधरा दिवसांत या बंदीने नेमकं काय थांबलं ते दाखवा.

साशंक : दंगलीच्या रात्री दोन वाजता न्यायाधीश कुठून आणणार? आणि जे घडलंच नाही ते ‘थांबलं’ असं कोणतं पोलीस खातं सिद्ध करू शकेल? तुम्ही मागताय तो पुरावा मुळातच मिळण्यासारखा नाही.

उत्साही : पहिल्या रात्रीचा आदेश तुमचाच राहू द्या. मी सोळाव्या दिवसाबद्दल बोलतोय. आणि पुरावा मिळण्यासारखा नाही हे खरं असेल, तर त्याचा तोटा कोणी सोसायचा हे ठरवावं लागेल : बंदी घालणाऱ्याने, की जिचा मुलगा पलीकडे आहे तिने?

साशंक : तुम्ही ते तिच्या बाजूने ठरवाल. मी अजून त्या शिक्षिकेकडे बघतो आहे.